चिऱ्याच्या घरात सबवूफर: जागा, जोडणी आणि खर्जाची परीक्षा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘डॉल्बी’ म्हटलं की डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. घरी भारी स्पीकर आणि सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा खोका) घेणाऱ्याची पहिली अपेक्षाही बहुधा तीच असते: छाती धडधडली पाहिजे. आठवडाभर ती धडधडते. मग डोकं दुखायला लागतं, सबवूफरचा आवाज कमी कमी होत जातो आणि शेवटी महागडा खोका बंदच पडून राहतो. दोष बहुतेक वेळा खोक्याचा नसतो, तो खोलीचा आणि खोका ठेवलेल्या जागेचा असतो.

स्पीकरबद्दलचं पुष्कळसं लिखाण अमेरिकेतली घरं डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. तिथे लाकडी चौकटीवर जिप्समच्या पातळ पाट्या ठोकून भिंती करतात. खालच्या सुरांनी त्या थोड्या थरथरतात, थोडी ताकद गिळतात, थोडी पलीकडे सोडतात. इकडे भिंत जांभ्याच्या चिऱ्याची किंवा नऊ इंची विटांची, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा, सूर अशा खोलीत शिरला की त्याला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून तिकडे दोन सबवूफर लागतात तिथे इकडे एकानेही भागतं, पण तो एक फूटभर चुकीच्या जागी असला तर सगळी मजा जाते. पैसे मोजण्याआधी टेप घ्यावी.

खोलीचे स्वतःचे सूर काढा

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा आणि ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं हे निम्मं. खोली १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि स्लॅब १० फुटांवर असेल तर उत्तरं येतात ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ. त्यांची दुप्पट, म्हणजे ७५, ९४, ११३, हीसुद्धा त्याच घरातली भावंडं. या सुरांवर तुमची खोली घुमणार, स्पीकर कोणताही आणा.

दोन मापं सारखी असली की दोन घुमारे एकाच सुरावर चढतात. १२ बाय १२ च्या खोलीत ४७ हर्ट्झचा त्रास दुहेरी होतो. निवडायला दोन खोल्या असतील तर असमान मापांची घ्या. सोपा आणि माजघर यांच्यात दार नसून नुसती कमान असेल तर खालच्या सुरांच्या दृष्टीने ती एकच लांब खोली. माप पार शेवटच्या भिंतीपर्यंत घ्या.

बसायची जागा आणि पुढचे दोन स्पीकर

लांबीच्या बरोबर मध्यावर ३८ हर्ट्झ जवळजवळ गायब होतो आणि भिंतीला टेकून बसलं की तोच फुगून येतो. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला चिकटवायची पद्धत आहे. सबवूफर फार बुमबुमतो या तक्रारीतल्या निम्म्या तक्रारी सोफा पुढे ओढला की संपतात. डोकं मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास आणा. १५ फुटांच्या खोलीत हे अंतर पावणेसहा फुटांच्या जवळपास होतं. घरात येण्याजाण्याच्या वाटेत एवढं जमत नसेल तर निदान अडीच-तीन फूट सोडा.

वरच्याच खोलीसाठी एक मांडणी अशी बसते: दोन्ही स्पीकरच्या मध्यांत ८ फूट अंतर, बाजूच्या भिंतीपासून प्रत्येकी २ फूट, स्पीकरचं तोंड पुढच्या भिंतीपासून अडीच फूट. समभुज त्रिकोण धरला तर कान पुढच्या भिंतीपासून सव्वानऊ-साडेनऊ फुटांवर येतात, म्हणजे ३८ टक्क्यांचा हिशोबही साधतो. पुढच्या आणि बाजूच्या भिंतीचं अंतर मुद्दाम वेगळं ठेवलंय. स्पीकरच्या पाठीमागच्या, म्हणजे खोलीच्या पुढच्या, भिंतीवरून परतलेला आवाज २८२ भागिले फुटातलं अंतर या सुरावर मूळ आवाजाला खातो. अडीच फुटांवर हा खड्डा ११३ हर्ट्झला पडतो. दोन्ही अंतरं सारखी असली तर दोन खड्डे एकाच जागी पडून पुरुषी आवाज पोकळ होतो.

ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान पडदा, कानाच्या उंचीला हवा. सोफ्यावर कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर असतो. गादी-लोडाच्या बैठकीवर तो ३० इंचांच्या आसपास खाली येतो. २४ इंची स्टँडवर ठेवलेले बुकशेल्फ स्पीकर बैठकीवरून ऐकायचे असतील तर स्टँड बुटका करा, नाहीतर स्पीकरच्या मागच्या बाजूला रबराची पाचर घालून तो पुढे झुकवा. तोंड थेट नाकाकडे वळवू नका. दोन्ही स्पीकरचे अक्ष खांद्यांच्या जरा बाहेरून गेले की गायक मधोमध दिसायला लागतो आणि तानपुरे त्याच्या मागे पसरतात.

वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची पुरे. १० मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.१५ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य आहे. यापेक्षा महाग वायरीवर खर्च करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भिंतीतून नेणार असाल तर लाइटच्या वायरीचा पाइप वेगळा ठेवा; दोन्ही समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर, आणि ओलांडायचंच तर काटकोनात.

कोणता सबवूफर

बंद पेटीचा की भोकाचा? बंद पेटीत खालचा सूर हळूहळू उतरतो, सप्तकामागे १२ डेसिबल. भोकाच्या पेटीत तो एका हद्दीपर्यंत जोरात टिकतो, मग सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. चिऱ्याच्या बंदिस्त खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच उचलून धरते. त्यामुळे १५० ते २०० चौरस फुटांत मुख्यतः गाणं ऐकणाऱ्याने बंद पेटीचा १० किंवा १२ इंची घ्यावा. कौलारू घर, मोठा सोपा, वर फटी असतील तर खालचे सूर कौलांतून निघून जातात. तिथे, आणि सिनेमा हेच पहिलं प्रेम असेल तर, भोकाचा १२ इंची.

परदेशातून नातेवाइकांबरोबर आणवणार असाल तर मागची पाटी वाचल्याशिवाय पिन लावू नका. अमेरिकेतला सबवूफर १२० व्होल्टचा असतो. काहींना ११५-२३० असा खटका असतो, काहींना नसतो. फक्त १२० व्होल्टचा, खटका नसलेला आपल्या २३० व्होल्टला लावला की अँप्लिफायर त्याच क्षणी जळू शकतो.

जागा शोधायला गुडघ्यांवर रांगा

सबवूफरची जागा विचार करून सापडत नाही, ऐकून सापडते. पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही.

१. सोफा बाजूला करून सबवूफर तुमच्या बसायच्या जागी, शक्यतो कानाच्या उंचीला, भक्कम टेबलावर ठेवा.
२. बेस गिटारची वरखाली जाणारी ओळ असलेलं गाणं सतत वाजवत ठेवा. किंवा ३० ते ८० हर्ट्झचे सूर एकेक करून सोडा.
३. पुढच्या भिंतीच्या एका कोपऱ्यापासून रांगत निघा. कान सबवूफर जमिनीवर जिथे येईल त्या उंचीवर. दर फुटाला थांबा.
४. जिथे प्रत्येक सूर सारख्याच जोराने ऐकू येतो तिथे खडूने खूण करा. जिथे सगळ्यात मोठा येतो तिथे नव्हे. ही चूक सर्वांत जास्त होते.
५. खुणेवर सबवूफर ठेवा, जागेवर बसून तीच ओळ ऐका, आणि सहा-सहा इंच सरकवून पाहा.

कोपऱ्यात खोलीचे सगळेच घुमारे पूर्ण जोराने उठतात. आवाज सर्वांत मोठा येतो, समतोल सर्वांत वाईट. दोन सबवूफर घ्यायची ऐपत असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा: एक टीव्हीखाली, एक सोफ्याच्या मागे. हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी सबवूफर किती आणि कुठे ठेवावेत यावर केलेल्या कामातून ही मांडणी पुढे आली. १५ फुटांवरचा ३८ हर्ट्झचा घुमारा दोघे मिळून एकमेकांचा रद्द करतात, आणि सोफ्यावर कुठेही बसलं तरी आवाज जवळजवळ सारखा मिळतो. दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे हवेत.

जोडणी आणि सेटिंग

होम थिएटर रिसीव्हर असेल तर सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, उंच टॉवर असले तरी. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती हद्द, ८० हर्ट्झ. सिनेमाच्या खास बेस चॅनेलची (एलएफई) वरची हद्द १२० हर्ट्झ. सबवूफरच्या मागचं स्वतःचं क्रॉसओव्हर बटण पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई खटका लावा, नाहीतर एकाच सुराला दोन गाळण्या लागतात आणि ८० च्या आसपास भगदाड पडतं. लहान बुकशेल्फ स्पीकर ८० पर्यंत नीट उतरत नसतील तर १०० ठेवा. १२० च्या वर गेलात की बेस कोणत्या कोपऱ्यातून येतोय ते कानाला कळतं, आणि मग सिनेमाही कोपऱ्यातूनच येतो.

नुसता दोन चॅनेलचा अँप्लिफायर असेल तर सबवूफरच्या हाय-लेव्हल जोडणीने काम होतं. आरईएल कंपनीचे सबवूफर तर याच जोडणीसाठी ओळखले जातात. अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरूनच वायर घ्यायची, टॉवर पूर्ण रेंजमध्ये चालू ठेवायचे आणि सबवूफरची गाळणी ४० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान बसवायची. अँप्लिफायर क्लास डी किंवा ब्रिज केलेला असेल तर काळी वायर कुठे जोडायची हे आधी मॅन्युअलमध्ये बघा, चुकीच्या जोडणीने आउटपुट जातो.

पोलॅरिटी, म्हणजे स्पीकरचं अधिक-उणे, तपासायला दीड व्होल्टचा सेल घ्या. अँप्लिफायरची वायर काढून सेलचं उणे टोक काळ्या आणि अधिक टोक लाल टर्मिनलला क्षणभर टेकवा; वूफर बाहेर आला पाहिजे. आत गेला तर आतली वायर उलटी आहे. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

आता फेज, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलताहेत की नाही. रिसीव्हरमधून ८० हर्ट्झचा सूर सोडा. मुख्य स्पीकरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडा, अँप्लिफायर बंद करूनच. मग एकाने सबवूफरचं फेज बटण ० ते १८० हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने जागेवर बसून ऐकायचं. जिथे आवाज सर्वांत कमी होतो तिथे थांबा आणि वायरी परत सरळ करा. जास्तीत जास्त आवाज शोधण्यापेक्षा कमीत कमी शोधणं कानाला सोपं जातं, म्हणून हा उलटा मार्ग.

लेव्हल लावताना रिसीव्हरचा टेस्ट नॉइज प्रत्येक स्पीकरला ७५ डेसिबल, मीटर सी वेटिंग आणि स्लो. फोनवरचं अॅप मुख्य स्पीकरपुरतं चालतं, सबवूफरसाठी नाही. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, आणि मग माणूस सबवूफर नको तितका वाढवतो. ऑडिसी किंवा डिरॅक ही खोली मोजून आपोआप सेटिंग लावणारी सॉफ्टवेअर चालवल्यावर सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दिसलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. एक फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद.

खर्जाची परीक्षा

सबवूफर बसला की स्फोटांचे सिनेमे लावायची घाई करू नका. तानपुरा लावा. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडी १३९ हर्ट्झला, पंचम १०४ ला आणि खर्ज ६९ हर्ट्झला असतो. क्रॉसओव्हर ८० असेल तर खर्जाचा मूळ सूर सबवूफरकडे जातो आणि त्याचे वरचे स्वरांश, १३९, २०८ आणि पुढचे, मुख्य स्पीकरकडे. एकाच तारेचे दोन तुकडे दोन खोक्यांतून येतात आणि ते तुमच्या कानाशी पुन्हा एक तार व्हायला हवेत. यापेक्षा कठोर आणि यापेक्षा सुंदर परीक्षा नाही. मिरजेचा तानपुरा जवळून ऐकलेल्या कानाला, आणि या भागात असे कान कमी नाहीत, दोष दोन आवर्तनांत कळतो.

खऱ्या तानपुऱ्यात खर्जाचा मूळ सूर मंद असतो. घोडीवरच्या जवारीने उठलेले वरचे स्वरांशच जास्त बोलतात. सबवूफर जास्त झाला असेल तर खर्ज छेडल्यावर कोपऱ्यातून वेगळा हुंकार येतो, ट्रान्सफॉर्मरसारखा. तसं झालं की तीन डेसिबल उतरवा. खर्जाची तार लागताना जवारी पुढे आणि सूर मागून उशिरा येतो असं वाटलं तर फेज किंवा अंतर चुकलंय. खर्ज ऐकूच येत नसेल आणि पंचम मात्र भरदार असेल तर तुमची बसायची जागा ६९ च्या खड्ड्यात आहे. सबवूफर सरकवा, बटणं फिरवत बसू नका.

मग तबला. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली फिरते, म्हणजे बरोबर क्रॉसओव्हरच्या उंबरठ्यावरून ये-जा करते. ती सलग ऐकू आली पाहिजे. मध्येच फुगली तर तो खोलीचा घुमारा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तानपुरे जुळवण्याबाबत फार काटेकोर होते. त्यांची ध्वनिमुद्रणं या कामाला उत्तम आहेत, कारण त्यांत तानपुरे झाकलेले नसतात.

मोजमाप आणि काटछाट

कानाने इथवर आणल्यावर यूएसबी मोजमाप माइक, उदाहरणार्थ युमिक-१, आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सलग चढणारा सूर, आलेख गुळगुळीत न करता. उंच सुळके दिसतील ते कापा. खड्डे भरायचा मोह आवरा: १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते, आणि उलट्या लाटेने खाल्लेला सूर तरीही भरत नाही, वूफर मात्र थकतो. सिनेमासाठी सबवूफर ३ ते ६ डेसिबल वर ठेवलेला चालतो. गाण्यासाठी शून्य ते तीन. रिसीव्हरमध्ये दोन वेगळी सेटिंग साठवता येत असतील तर साठवा.

वाकळ, जमखाना आणि चार इंच

फरशीवर नवलगुंदचा जमखाना घातला, भिंतीवर वाकळ टांगली, की टाळी वाजवल्यावरचा चरचरीत प्रतिध्वनी जातो. पण पातळ कापड फक्त वरचे सूर गिळतं. सगळ्या भिंतींना वाकळी लावल्या तर झांज मरते, बुमबुम तशीच राहते, आणि खोली आणखी कोंदट वाटते. अंड्याचे ट्रे तर काहीच करत नाहीत.

पॅनेल घरी बनवता येतं. २ बाय ४ फुटांची चार इंच खोल लाकडी चौकट, त्यात ४८ किलो घनतेच्या रॉकवुलचे ५० मिलिमीटरचे दोन थर, त्यावर ज्यातून फुंकर आरपार जाते असं कापड. हुदलीची खादी झकास. रॉकवुल कापताना हातमोजे आणि मास्क घाला. जागा आरशाने शोधा: तुम्ही बसून राहा, दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवायचा, ज्या जागी आरशात ट्वीटर दिसतो तिथे पॅनेल. भिंतीपासून ते दोन ते चार इंच सुटं ठेवा. त्या फटीने ते आणखी खालचे सूर पकडतं, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीची बुरशीही त्याला लागत नाही.

यानंतर २० ते १२० हर्ट्झचा सूर संथपणे सोडा आणि घरभर फिरा. लोखंडी तिजोरीचं दार, मांडणीवरची ताटं, फोटोंच्या काचा, खिडकीचे गज, सगळं कुठल्यातरी सुरावर खडखडतं. फेल्टचे तुकडे, रबराची पट्टी, घट्ट केलेला स्क्रू, एवढ्याने निम्मं ‘डिस्टॉर्शन’ जातं.

कौलारू घरात वरचे आवाज छतावर आपटून खाली आणणारे अॅटमॉस स्पीकर घेऊ नका. त्यांना सपाट, कठीण आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवरचं छत लागतं. उतरत्या कौलांवरून आवाज भलतीकडे जातो. तुळईला दोन लहान स्पीकर टांगा, बसायच्या जागेच्या किंचित पुढे, तोंड खाली.

शेजारची भिंत

गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सामाईक भिंतीला सबवूफर टेकवू नका. खाली रबराचे पाय लावल्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून भिंतीपलीकडे जाणारा बेस मात्र तसाच जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर सबवूफर ४ ते ६ डेसिबल खाली आणा आणि रिसीव्हरचा नाइट मोड लावा. कमी आवाजात बेस आपोआप वाढवणारं सेटिंग असेल तर ते त्या वेळी बंद ठेवा.

वीज आणि पावसाळा

सबवूफरमधून गुणगुण येत असेल तर सगळ्या सिग्नल वायरी काढा. गुणगुण थांबली तर एकेक परत जोडा. डिश किंवा केबलची तार लावताच पुन्हा सुरू झाली तर गुन्हेगार तीच. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर आणा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टीमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा, अर्थिंगचा खड्डा सुकलेला असू शकतो. पिनचा तिसरा, अर्थचा पाय कापून गुणगुण थांबवण्याचा उपाय जीवघेणा आहे, तो कुणीही सांगितला तरी करू नका. तारेतच दोष असेल तर लाइन-लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या आत, ढग दिसताच, पिना भिंतीतून काढा, डिशची तारसुद्धा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. लाइट गेली तर ती परत आल्यावर पाच मिनिटं थांबूनच अँप्लिफायर लावा. जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या घरात हवा ओली असते: आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी सगळं चालवा, यंत्रांच्या उबेने ओल निघते. स्पीकर पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. जुन्या स्पीकरच्या वूफरभोवतीची कडा फोमची असेल तर ओल्या हवेत ती चिकट होऊन काही वर्षांत चुरते. बोटाने हलकेच दाबून पाहा. तुकडे हाताला लागले तर वाजवणं तिथेच थांबवा आणि रबराची कडा बसवून घ्या, नाहीतर कॉइल एका बाजूला घासून वूफरच जातो. पावसाळा संपला की टर्मिनलवरचा हिरवट थर बारीक पॉलिश पेपरने काढा, वायरीची टोकं इंचभर कापून तांबं नव्याने सोला, आणि खर्ज पुन्हा एकदा ऐका.